गावची जीन, बाटलीतली जिन आणि इंजिन : इंग्रजी शब्दाचा अर्थ, वापर व उगम शोधण्याची रीत

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका जुन्या सहकारी संस्थेच्या इंग्रजी कागदपत्रांचे मराठी करण्याचे काम माझ्याकडे आले. पिवळ्या पडलेल्या एका पत्रात 'जिन हाउस'च्या दुरुस्तीसाठी पत्रे आणि बोल्ट मागवल्याचा मजकूर होता. मी शब्दकोश उघडला, 'जिन' या शब्दापुढे पहिला दिसला तो अर्थ उचलला आणि 'मद्यगृहाच्या दुरुस्तीसाठी' असे लिहून मोकळा झालो. मसुदा वाचायला घेतलेले एक निवृत्त फिटर, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, ते त्या ओळीवर थांबले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "भाऊ, चाळीस वर्षे त्या जीनमध्ये मी ऑइल टाकले, पण तिथे दारू मिळत होती हे आज कळले."

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या ज्या कारखान्याचा, म्हणजे जीनचा, भोंगा ऐकत मी लहानाचा मोठा झालो, त्याचेच नाव मला इंग्रजीत ओळखता आले नव्हते. त्यानंतर एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ, वापर आणि उगम कोणत्या क्रमाने शोधावा, याची एक रीत मी स्वतःपुरती बसवली. भाषांतर करणारे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे किंवा केवळ कुतूहलापोटी शब्दांच्या मागे लागणारे जे कोणी या वाटेला नवे असतील, त्यांच्यासाठी ती येथे मांडतो आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेतले आहे, ते म्हणजे जीन. आणि तिच्यामागून अपरिहार्यपणे येणारे इंजिन.

आधी जवळ काय असावे

एक जाड वही लागते. सुट्या कागदांवर केलेली टिपणे हमखास हरवतात. इंग्रजीचे दोन कोश हवेत, एक शिकणाऱ्यांसाठीचा, ज्यात वाक्ये भरपूर असतात, आणि दुसरा शब्दाचा इतिहास देणारा. ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश १८८४ पासून भागाभागाने निघून १९२८ मध्ये पहिल्यांदा पूर्ण झाला. आज तो संगणकावर वर्गणी भरून पाहता येतो. वर्गणी परवडत नसेल तर व्युत्पत्ती देणारे विनामूल्य कोश मोबाइलवरही उघडतात आणि सुरुवातीला तेवढ्यावर भागते. मराठीच्या बाजूने मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा मराठी व्युत्पत्तिकोश हाताशी असावा. तालुक्याच्या जुन्या वाचनालयात चौकशी केल्यास यांपैकी एखादा तरी कपाटात सापडण्याचा संभव असतो. मोल्सवर्थ संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

याखेरीज त्या शब्दाला ज्याचे हात लागले आहेत असा एक माणूस लागतो. माझ्यापाशी आप्पा होते.

१. शब्द एकटा उचलू नका, वाक्यासकट टिपा

सुटा शब्द घेऊन कोश उघडणे म्हणजे आडनाव न विचारता गावात 'पाटील' शोधण्यासारखे आहे. शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, बोलणारा कोण आणि प्रसंग कोणता, एवढे तरी वहीत उतरले पाहिजे. 'जीन' या उच्चाराची माझ्या वहीतील पहिली चार वाक्ये अशी आहेत : "कापूस जीनमा टाकी उनू," म्हणजे कापूस जीनमध्ये टाकून आलो, हे शेजारच्या शेतकऱ्याचे अहिराणी वाक्य, "बीटी बियाण्यात जीवाणूचा जीन घातलेला असतो," हे कृषी मेळाव्यातील व्याख्यात्याचे, "जीनची पँट लवकर वाळत नाही," हे घरातले, आणि "घोड्यावर जीन कसला," हे एका ऐतिहासिक कथेतले. केवळ 'जीन : अर्थ पाहणे' असे टिपले असते तर या चारही ठिकाणी मी एकच अर्थ ठोकून दिला असता.

२. मूळ स्पेलिंग ठरवा. देवनागरी येथे फसवते

नवख्या माणसाचे पाऊल सर्वांत जास्त घसरते ते येथेच, म्हणून या पायरीवर थोडे थांबू. देवनागरी उच्चार चोख नोंदवते, परंतु इंग्रजी स्पेलिंगमधील फरक मात्र झाकून टाकते. 'जीन' किंवा 'जिन' असे लिहिले की त्याआड निदान सहा निरनिराळे शब्द उभे असू शकतात.

कापसाच्या कारखान्याची जीन ही जी-आय-एन अशी लिहितात. बाटलीतली जिनही अगदी तशीच लिहितात, मात्र तो वेगळा शब्द आहे. ती डच भाषेतील जुनिपर झुडपाच्या नावावरून आली. त्या झुडपाच्या फळांचा स्वाद त्या दारूला देतात, आणि जुनिपरचे मूळ नाव लॅटिन आहे. बियाण्यातला जीन, म्हणजे जनुक, जी-ई-एन-ई असा असून डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ मध्ये तो शब्द ग्रीक धातूवरून घडवला. पँटच्या कापडाची जीन जे-ई-ए-एन अशी. इटलीतील जेनोवा या बंदराच्या फ्रेंच नावावरून ते कापड ओळखले जाऊ लागले.

उरलेले दोन इंग्रजी नव्हेतच. घोड्याचा जीन, म्हणजे खोगीर, हा फारसी 'झीन' आहे. खोगिरे करणारा तो जिनगर. जैन परंपरेतील 'जिन' हा संस्कृत 'जि', म्हणजे जिंकणे, या धातूपासून झालेला, अर्थ विजेता. एखादा मराठी वाटणारा शब्द इंग्रजी निघतो तसाच इंग्रजी वाटणारा शब्द फारसी किंवा संस्कृतही निघू शकतो, म्हणून कोशाचे कोणते पान उघडायचे हे आधी ठरवावे लागते.

ऱ्हस्व-दीर्घावरून हे शब्द ओळखू, असे काहींना वाटते. त्याच्या नादी लागू नये. एकाच रस्त्यावरच्या दोन कारखान्यांच्या पाट्यांवर 'जीन' आणि 'जिन' अशी दोन्ही रूपे मी पाहिली आहेत.

३. कोशातील नोंद डोळे उघडे ठेवून वाचा

चांगल्या कोशात शब्दाच्या डोक्यावर कधीकधी बारीक अक्षरांत १, २, ३ असे आकडे असतात. माझे 'मद्यगृह' झाले ते या आकड्यांकडे दुर्लक्ष केल्यामुळे. डोक्यावरचा आकडा सांगतो की स्पेलिंग एकच असले तरी हे निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांचे घराणेही वेगळे आहे. नोंदीच्या आत येणारे आकडे मात्र एकाच शब्दाचे निरनिराळे अर्थ दाखवतात. दारूची जिन आणि यंत्राची जीन यांना वेगवेगळे मथळे असतात. यंत्राच्या जीनमध्ये पुढे फासा किंवा सापळा, वजन उचलणारी घोडी आणि सरकी काढण्याचे यंत्र असे अर्थ एकाखाली एक येतात, कारण ती एकाच शब्दाची भावंडे आहेत.

आणखी एक गोष्ट कोशाच्या प्रस्तावनेत दडलेली असते आणि ती वाचण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात. काही कोश सर्वांत जुना अर्थ प्रथम देतात, तर काही आज सर्वाधिक चालणारा अर्थ प्रथम देतात. हे ठाऊक नसेल तर दोनशे वर्षांपूर्वी मेलेला अर्थ आजचा म्हणून भाषांतरात बसतो.

४. वापर तपासा : नाम की क्रियापद, आणि कोणाच्या तोंडी

अर्थ कळला तरी शब्द वापरता येईलच असे नाही. इंग्रजीत जीन हे मुळात यंत्राचे नाव आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस पिकवणाऱ्या राज्यांत ते यंत्र ज्या इमारतीत असते तिलाही तेच नाव देतात. तोच शब्द क्रियापद म्हणूनही चालतो आणि त्या क्रियेला 'जिनिंग' म्हणतात. सरकी आणि रुई वेगळी करण्याचे काम म्हणजे जिनिंग. ते जिथे चालते तो कारखाना म्हणजे 'जिनरी'.

खानदेशात आपण ही वाटणी केव्हाच मोडून टाकली आहे. "जिनिंगमध्ये गाडी खाली केली" असे चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कोणीही म्हणेल, आणि त्यात जिनिंग ही क्रिया नसून वजनकाटा, कापसाचे ढीग, गठाणी आणि चहाची टपरी यांसह सगळे आवार आहे. मराठीत हे अगदी बरोबर आहे. त्याच वाक्याचे इंग्रजी करताना मात्र जिनिंग हे ठिकाण म्हणून जसेच्या तसे ठेवले, तर परका वाचक अडखळतो. तेथे 'जिनरी' किंवा 'जिनिंग मिल' असे लिहावे. उलट दिशेने, इंग्रजी मजकुरात 'जिन' आल्यास ते यंत्र आहे की इमारत, हे शेजारच्या शब्दांवरून ठरवावे. माझ्या पत्रात पत्रे आणि बोल्ट होते. एवढ्यावरून मला कळायला हवे होते.

इंजिन आणि मोटर ही जोडीही तपासण्याजोगी आहे. आपल्याकडे विहिरीवर डिझेलवर चालते ते इंजिन आणि विजेवर चालते ती मोटर, असा भेद शेतकरी काटेकोर पाळतो. इंग्रजीतही ढोबळमानाने इंधन जाळणारे ते इंजिन आणि विजेचे ते मोटर, परंतु पेट्रोलवर धावणारी गाडी तेथे 'मोटर कार'च असते. अशा ठिकाणी नियम पाठ करण्यापेक्षा निरनिराळ्या लेखकांची पाच-सहा वाक्ये वहीत उतरवून घेतलेली अधिक उपयोगी पडतात.

५. उगमाकडे पायरीपायरीने मागे जा

व्युत्पत्तीची ओळ वाचताना आजपासून मागे मागे जायचे असते आणि एकही टप्पा गाळायचा नसतो. जीनची वाट अशी आहे. इंग्रजीतील 'जिन' हे जुन्या फ्रेंचमधील 'एंजिन' या शब्दाचे डोके उडालेले रूप आहे आणि तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत युक्ती, सापळा, साधन अशा अर्थांनी वावरू लागले. तोच फ्रेंच शब्द डोक्यासकटही इंग्रजीत आला आणि त्याचे 'इंजिन' झाले. म्हणजे भुसावळच्या यार्डातले इंजिन आणि कापसाची जीन ही एकाच शब्दाची दोन रूपे आहेत.

शब्दाचे पहिले अक्षर गळून पडणे मराठी माणसाला नवे वाटू नये. अरण्याचे रान आणि अरघट्टाचा रहाट याच रीतीने झाले आहेत. इंग्रजीत 'डिफेन्स'चे असेच 'फेन्स' झाले. शेताला आपण जे फेन्सिंग करून घेतो ते मुळात संरक्षणच.

फ्रेंच 'एंजिन'च्या मागे लॅटिन 'इन्गेनिउम' आहे आणि त्याचा अर्थ यंत्र असा मुळीच नाही. उपजत बुद्धी, जन्मजात कुवत, असा तो अर्थ. या शब्दात 'इन्' म्हणजे आत आणि 'गेन्' म्हणजे उत्पन्न होणे. जे माणसाच्या आतच जन्मले ते. उपजत बुद्धीवरून चातुर्य, चातुर्यावरून युक्ती, युक्तीवरून युक्तीने केलेली वस्तू, आणि मग त्या वस्तूंतील सर्वांत धाकदायक ती युद्धातली, अशी अर्थाची पावले पडत गेली. १६११ च्या इंग्रजी बायबलात यरुशलेमच्या बुरुजांवर बसवलेल्या, बाण व मोठे दगड फेकणाऱ्या 'इंजिनां'चा उल्लेख आहे. न्यूकोमेनचे वाफेचे यंत्र १७१२ चे, म्हणजे त्यानंतर शंभर वर्षांनी आलेले. तेव्हा इंजिन म्हटले की धूर हवाच, ही आपली कल्पना पुष्कळ अलीकडची आहे. चार्ल्स बॅबेज यांनी १८२० च्या दशकात आकडेमोड करणाऱ्या यंत्राला इंजिन म्हटले आणि आज मोबाइलवर माहिती शोधून देणाऱ्या व्यवस्थेला आपण 'सर्च इंजिन' म्हणतो. दोन्ही ठिकाणी जुना, युक्तीचा अर्थच बोलतो आहे. इंजिनिअर हा शब्दही आधी युद्धयंत्रे रचणाऱ्यासाठी होता.

'गेन्' या लॅटिन धातूचे नाते संस्कृत 'जन्' धातूशी आहे. जन्म, जननी, जाती हे सारे त्याच कुटुंबातले. ग्रीकमध्येही तोच धातू आहे आणि योहान्सन यांनी बियाण्यातल्या 'जीन'साठी तो ग्रीक मार्गाने घेतला. त्यामुळे एक गंमत घडते. भारतात बीटी कापसाच्या लागवडीला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि तेव्हापासून आपल्या वावरात ज्या बियाण्यात जीवाणूचा जीन असतो, त्याच बियाण्याचा कापूस पुढे जीनमध्ये जातो. स्पेलिंग वेगळे, वाट वेगळी, धातू मात्र एकच. उलट बाटलीतल्या जिनचे स्पेलिंग कारखान्याशी जुळते, पण नाते काहीही नाही.

६. या खड्ड्यांपासून सावध राहा

पहिला खड्डा माझ्याच पायाखालचा आहे. 'जीन' आणि 'जन्म' यांचे नाते समजल्यावर मी उत्साहाने एका शाळेत सांगून आलो की इंग्रजांनी हा शब्द संस्कृतातून उचलला आणि दोन्हींतला 'ज' हाच त्याचा पुरावा. दोन्ही विधाने चुकीची होती. संस्कृत, लॅटिन, ग्रीक आणि इंग्रजी या एकाच आद्य भाषेच्या लेकी असल्याने त्यांच्यात समान शब्द आढळतात. चुलतभावाचे नाक आपल्यासारखे असले म्हणून त्याने ते आपल्याकडून घेतले असे होत नाही. 'ज'चे म्हणाल तर लॅटिनमध्ये तेथे कठोर 'ग' होता. 'इ', 'ए' या स्वरांपूर्वी तो फ्रेंचच्या वाटेवर मऊ होऊन त्याचा 'ज' झाला. संस्कृतचा 'ज' निराळ्या वाटेने आलेला असल्याने हे साम्य निव्वळ योगायोग आहे.

खरे नाते उच्चाराच्या साम्यावर नसते, ते नियमित फरकावर असते. संस्कृतात जेथे 'ज' तेथे लॅटिन-ग्रीकमध्ये 'ग' आणि इंग्रजीच्या स्वतःच्या जुन्या शब्दांत 'क', अशी संगती अनेक शब्दांत सापडते. गुडघ्याला संस्कृतात जानु, लॅटिनमध्ये 'गेनु' आणि इंग्रजीत 'नी', ज्याच्या स्पेलिंगमधला मुका 'के' एकेकाळी उच्चारला जात असे. ज्ञानाच्या 'ज्ञा'ला इंग्रजीत 'नो', तेथेही तोच मुका 'के'. आणि 'जन्'ला इंग्रजीचा घरचा शब्द आहे 'किन', म्हणजे नातेवाईक. एकच शब्द जुळला तर हुरळून जाऊ नका. दोनचार शब्दांत तोच फरक पुन्हा पुन्हा दिसला तरच त्यावर विसंबा.

दुसरा खड्डा आद्याक्षरांचा. 'न्यूज' म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांची इंग्रजी आद्याक्षरे, असे आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत कोणीतरी सांगितलेले असते. तो शब्द 'न्यू', म्हणजे नवे, याचे अनेकवचनी रूप आहे, एवढेच. आद्याक्षरांपासून शब्द घडवण्याची रीत प्रामुख्याने विसाव्या शतकात रुळली. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड कोणी सांगितल्यास ती सोडून द्यावी.

तिसरा खड्डा संशोधकाचा. एली व्हिटनी यांनी १४ मार्च १७९४ रोजी अमेरिकेत कापसाच्या जीनचे पेटंट घेतले म्हणून हा शब्दही त्यांनीच काढला असे समजू नये. तो त्याआधी कित्येक शतके इंग्रजीत होता. सरकी काढण्याची कल्पनाही त्यांची नव्हे. दोन लाटांमधून, म्हणजे फिरत्या रुळांमधून, कापूस ओढून सरकी मागे ठेवणारी हाताची चरखी भारतात फार पूर्वीपासून फिरत होती. आखूड धाग्याच्या आणि सरकीला घट्ट चिकटलेल्या अमेरिकन कापसापुढे ती चरखी लंगडी पडत असे, म्हणून व्हिटनी यांनी दात्यांचे नळकांडे आणि जाळी यांची युक्ती काढली.

कोशातील सनाबाबतही सावध असावे. 'पहिला वापर अमुक साली' याचा अर्थ त्या सालचा लिखित पुरावा सापडला आहे, इतकाच असतो.

७. शब्द आपल्याकडे कसा रुजला ते पाहा

इंग्रजी कोश येथे संपतात आणि आपले काम सुरू होते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे. खानदेशात रेल्वे आली ती १८६० च्या दशकात, आणि अमेरिकेतील १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा आपल्या कापसाला भाव आला. त्यामुळे कारखाना या अर्थाची जीन मोल्सवर्थमध्ये भेटेल अशी अपेक्षा धरून निराश होऊ नये. तिच्यासाठी जुने सातबारे, संस्थांचे अहवाल आणि जाहिराती चाळाव्या लागतात. मराठी शब्दांच्या उगमाची गोडी लागली तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाला एकदा भेट द्यावी. ज्यांच्या नावाने ते उभे आहे ते वि. का. राजवाडे इतिहासाइतकेच शब्दांच्या व्युत्पत्तीतही रमलेले होते.

शेवटी शब्द जेथे राबतो तेथे जाऊन यावे. आप्पांनी मला हंगामात एकदा जीनमध्ये नेले. चामड्याच्या चकत्या बसवलेल्या दोन लाटा आवाज करत फिरत होत्या, त्यांना भिडलेल्या पात्यापाशी धागा आत ओढला जात होता, हलत्या पट्टीचा ठोका बसून सरकी खालच्या जाळीतून टपटप गळत होती, आणि पाच मिनिटांत आमच्या दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. 'सापळा' आणि 'यंत्र' हे एकाच नोंदीत कसे, याचे कोडे मला तेव्हा सुटले. धागा पकडायचा आणि सरकीला आडवे व्हायचे, हे त्या पात्याचे काम सापळ्याचेच होते. कोशात हे लिहिलेले नाही, आणि हे व्युत्पत्तीचे प्रमाण म्हणून पुढे करूही नये. अर्थ ध्यानात राहायला मात्र त्याची मदत होते.

८. नोंद पुरी करा

एवढे झाल्यावर वहीत एका पानावर पक्की नोंद करावी. माझी अशी आहे : जीन, स्त्रीलिंगी, खानदेशात व वऱ्हाडात, कापसातून सरकी व रुई वेगळी करण्याचा कारखाना, तसेच त्याचे आवार. इंग्रजी जी-आय-एन, मूळ अर्थ यंत्र. त्यामागे जुने फ्रेंच 'एंजिन', त्यामागे लॅटिन 'इन्गेनिउम', उपजत बुद्धी. सख्खे : इंजिन, इंजिनिअर. चुलत : बियाण्यातला जीन, जन्म, जाती. नाते नाही : दारूची जिन, कापडाची जीन, खोगिराचा जीन, जैनांचे जिन. भाषांतरात इमारत की यंत्र हे पाहणे.

पानाचा खालचा चतकोर भाग मी कोरा ठेवतो. माझ्या या पानावर तेथे आप्पांनी स्वतःच्या हाताने, पेन्सिलीने लिहिले आहे : 'दारूबंदी कायम.'